दारात अडकलेला गुडघा

तिसऱ्या मजल्यावर तेवीस माणसं भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून टाळ्या वाजवत होती. आकडा नक्की आहे, कारण मावशीच्या दारापर्यंत पोचेपर्यंत त्या प्रत्येकाच्या पायावर माझा पाय पडला.

"भिंतीकडे तोंड कर, पोरी!" सेक्रेटरीकाका ओरडले. "बाबांची शक्ती डोळ्यांत गेली तर कायमची दृष्टी जाईल!"

"काका, मावशीच्या दाराखालून धूर येतोय!"

"म्हणून तर बाबांना बोलावलंय."

दाराशी बिनकिल्ली बाबा उभे होते. अंगावरच्या भल्यामोठ्या शालीचं एक टोक त्यांनी कुलपावर पांघरलं होतं आणि शालीखाली त्यांचा उजवा हात काहीतरी करत होता. तोंडाने चालू होतं, "कुलूप दाराला नसतं, बाळांनो, मनाला असतं! खट् खटाक् फट्! जोरात टाळ्या!"

जिन्याच्या बाजूला मावशीच्या बाथरूमचा झरोका होता. त्यातून मावशीचा आवाज आला, "कोण, भाची आली का? अगं, बाथरूमची कडी अडकलीय आणि गॅसवर बटाटे आहेत! म्हणजे होते. आता कोळसे असतील." मग ती खोकली. ठसका लागला की ती एरवी हसते. या वेळी हसली नाही.

मी ताबडतोब अग्निशमन दलाला फोन केला.

"कशाला त्या लोकांना?" काका चिडले. "दाराची नासधूस करतील. बाबा ओरखडासुद्धा उठू देत नाहीत."

हे मात्र खरं होतं. दोन महिन्यांपूर्वी वाऱ्याने काकांचं दार धाडकन लागलं आणि किल्ली आत राहिली. योगायोगाने बाबा जिन्यात हजर. टाळ्या, मंत्र, खट्! दार उघडलं. तेव्हापासून अख्खी इमारत बाबांच्या मागे वेडी झाली. बाबा पलीकडच्या गल्लीतच राहायला आले. कुणाची किल्ली राहिली की बाबा, कुणाची हरवली की बाबा. किल्लीवाला बिचारा धंदा गुंडाळून भावाच्या गावी गेला.

बाबांचे नियम दोन. दार नुसतं ओढून घ्यायचं; किल्ली फिरवायची नाही. "ओढणं ही श्रद्धा, फिरवणं हा संशय." आणि शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या जादा किल्ल्या बाबांना अर्पण करायच्या. काकांनी स्वतःच्या किल्लीबरोबर, मावशीला न विचारता, तिने त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेली किल्लीही अर्पण करून टाकली होती.

मावशी मात्र संशयी. तिने दाराला आतून नेहमीप्रमाणे किल्ली फिरवली होती.

"बाबा, होतंय का?" कुणीतरी डोळे मिटूनच विचारलं.

"या दारामागे अश्रद्धा आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. "मंत्र आदळून परत येतोय."

"मंत्र परत येतोय तर त्याच्याबरोबर मलाही घेऊन जा म्हणावं!" झरोक्यातून आवाज आला आणि पुन्हा खोकला, या वेळी बराच लांबला.

मी बाबांना बाजूला सारायला गेले. चार भक्तांनी मला अडवलं. डोळे मिटूनही अडवायला मी या माणसांना बरोबर सापडते.

एवढ्यात जिन्यात जड बूट वाजले. बाबांनी चटकन हात शालीत ओढून घेतला. पथकाची प्रमुख म्हणजे जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी एक ताई होती. मागून दोन जवान, एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात पहार. पहारीचं एक टोक चिमट्यासारखं दुभंगलेलं.

"ताई, जरा बूट बाहेर," काका म्हणाले. "मंत्र चालू आहे."

"आम्ही बाहेरच आहोत, काका. आत जाता येत नाही म्हणून तर आलोय." तिने हातमोजा काढला आणि दारावर तळव्याची मागची बाजू खालून वर फिरवली. "थंड आहे. दाराशी आग नाही, धूर आहे." मग तिने मूठ धरून दार ढकलून पाहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"आधी ढकलून बघायचं. कितीतरी वेळा दार उघडंच असतं आणि लोक बाहेर ओरडत बसलेले असतात."

तेवीस माणसांनी माना खाली घातल्या. इतक्या वेळात हे कुणीच केलं नव्हतं. मीसुद्धा.

"कुलूपबंद आहे. जादा किल्ली?"

"बाबांकडे," काका म्हणाले.

"द्या बाबा."

"ती मी नदीत सोडली."

ताईने बाबांकडे असं पाहिलं, की मंत्र आपोआप थांबला. मग ती कुलपाजवळच्या फटीकडे वाकली. "आणि हे काय अडकलंय?" काळपट प्लॅस्टिकचं एक टोक बाहेर डोकावत होतं. तिने ते ओढून काढलं, माझ्या हातात दिलं आणि कामाला लागली.

पहारीचं दुभंगलेलं टोक कुलपाशेजारच्या फटीत टेकवलं. जवानाने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तीन घाव घातले. पहार आत रुतल्यावर तिने ती दाराच्या दिशेने अंगाचा भार टाकून रेटली. कर्रर्र! मुठीला आधीच पट्टा बांधला होता, त्याने दार हळू सोडलं. "धाडकन उघडायचं नाही. आत धुमसत असेल तर हवा मिळून भडकतं."

मंत्राला अकरा मिनिटं झाली होती, तरी दार बंद. पहारीला वीस सेकंद लागले.

गॅस बंद झाला, खिडक्या उघडल्या, बाथरूमच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या. मावशी बाहेर आली ती डोळे लाल, तोंडावर ओला टॉवेल, आणि उभं राहण्यासाठी माझा खांदा घट्ट धरलेला.

तेवढ्यात मी हातातलं प्लॅस्टिक उजेडात धरलं. एक्स-रेचा कापलेला तुकडा होता. त्यात एक गुडघा आणि गुडघ्यात दोन स्क्रू.

काका पुढे वाकले. "हा... हा माझा गुडघा आहे!"

"तुमचा?"

"दुखणं उतरवायला बाबांना दिला होता! दोन स्क्रू, एक तिरका. बघ ना, तिरका!"

सगळे बाबांकडे वळले. बाबा म्हणाले, "देव कुठेही असू शकतो. गुडघ्यातही."

मावशीने तोंडावरचा टॉवेल बाजूला केला. काकांकडे बघत ती म्हणाली, "तुमची अक्कल गुडघ्यात आहे हे मला ठाऊक होतं. पण तिचा फोटो काढून ती उसनी देता, हे नव्हतं ठाऊक!"

नेमकं त्याच वेळी, मावशीच्या उघड्या खिडक्यांतून आलेल्या वाऱ्याने समोरचं काकांचं दार धाडकन लागलं. किल्ली आत.

"बाबा," काका अगदी लहान आवाजात म्हणाले, "उघडता?"

"आज शक्ती संपली."

"मी उघडते," मी म्हटलं. "फक्त कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि सगळ्यांनी डोळे उघडे ठेवायचे."

नुसतं ओढून घेतलेलं दार कुलपातल्या एका छोट्या जिभेवर अडकलेलं असतं. ती स्प्रिंगवर असते आणि तिची बाहेरची बाजू उतरती असते, म्हणून तर दार ओढताच ती आपोआप मागे सरून आपोआप बसते. दार ओढताना चौकट तिला जशी मागे ढकलते, तसंच लवचीक प्लॅस्टिकही ढकलतं. मी काकांचा गुडघा फटीत घातला, त्या उतारावर दाबला. खट्! टाळ्या हव्या होत्या त्या हाच आवाज लपवायला. शाल हात लपवायला, मिटलेले डोळे उरलेलं लपवायला. मग आतली किल्ली घेऊन, दार लावून मी काकांना बाहेरून ती फिरवायला लावली आणि पुन्हा गुडघा चालवला. काही झालं नाही. जीभ आता जागच्या जागी अडकली होती. बाबांना संशयाचा फेरा का नको होता, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. बाबांना आधीच ठाऊक असावं, कारण आम्ही वळलो तेव्हा जिन्यात फक्त शाल उरली होती.

मावशी आठवडाभर खोकत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं झाली असती तर नुसत्या खोकल्यावर भागलं नसतं. बाबांनी काकांचं दार खरंच उघडलं होतं, हे मी नाकारत नाही. पण ते कसं, एवढं एकाने जरी विचारलं असतं तर मावशीची किल्ली काकांच्या खिळ्यावर असती आणि मी आल्या आल्या आत गेले असते.

आता नवी किल्ली काकांच्या खिळ्यावर आहे, काकांची मावशीकडे. म्हणून माझी विनंती एवढीच. कुणी डोळे मिटा म्हणाला, तर आधी त्याचे हात बघा. आणि कुठल्याही बंद दारासमोर, मग ते लाकडाचं असो की डोक्याचं, टाळ्या वाजवण्याआधी एकदा ढकलून बघा.