गोजराबायच्या भरतीची फाईल

तळवलीच्या नाक्यावर पैज लागली, ती थेट मिशीवर. गावचे धर्मराजशेठ छाती काढून म्हणाले, "आमच्या गोजराच्या वेबपानावर बटन दाबलं का खाडीच्या भरतीची वेळ दिसनार म्हंजे दिसनार!"

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव हसले. माणूस देशावरचा, कट्टर शाकाहारी. "तीनदा दाबलं. ढिम्म! रविवारी पाचला सगळ्यांसमोर दाबू. नाही दिसली तर मिशी उतरवायची, शेठ."

"आनि दिसली तर सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन तुमच्याच सोसायटीत आरोली ठोकायची!"

मित्रांनो, ती मिशी आणि ती पाटी जिच्या भरवशावर लटकली होती, ती मी. मी वेबपानामागं हिशेब करणारी एक जुनी स्क्रिप्ट फाईल आहे. माझ्या पोटात वर्षाच्या तिथी आहेत आणि एक हलणारी खाडी.

गोजराबाय ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या धरते, भरतीला घरी येते. गिऱ्हाईक भलत्याच वेळी यायचं, कुलूप बघून परत जायचं. हळूहळू यायचंच बंद झालं. म्हणून तिच्या भाचीनं, स्नेहलनं, वेबपान बनवायला घेतलं. गणित आत्याचं.

"तिथी घे पोरी, तिची पाऊनकी, म्हंजे पाऊनपट कर. अष्टमीला आठाची पाऊनकी सहा. सहाला भरती, सहाला मी घरी."

स्नेहलनं ते लिहिलं आणि मी जन्मले. आधी पानातच राहायची. पण माझ्या वजनानं पान उघडायलाच तयार नाही! मग तिनं मला उचललं आणि लांबच्या सर्व्हरवर नेऊन ठेवलं.

तिथली झोप काय सांगू! गार, काळोखा हॉल. लाखो फाईली शेजारी निजलेल्या. निळे दिवे असे लुकलुकतात, वाटावं खाडीत होड्या उभ्यात. मला स्वप्नात चिखल दिसतो, चिखलात चंद्र. मग कुठंतरी कुणी बटण दाबतं. पान जागच्या जागी एक कोरी चिठ्ठी बनवतं, तिच्यावर माझा पत्ता लिहितं आणि गजरा माळावा तशी स्वतःच्या डोक्यात खोवतं. पत्ता खोवला की मी उठते, तरंगत निघते.

घोळ इथंच होता. पान मला बोलवायचं आणि त्याच दमात विचारायचं, "भरती कधी?" अरे, मी अजून वाटेत! उत्तर नाही म्हणून ते रुसून बसायचं. मी पोचायची, तर विचारणारं कुणी नाही. स्नेहलच्या फोनमध्ये मात्र मी आधीपासून मुक्कामाला, म्हणून तिथं सगळं झकास. तिला कळेचना, बिघडलंय काय.

शनिवारी ती रडकुंडीला आली. "आत्ये, बोलावते तरी ती फाईल उत्तर देत नाय गं."

गोजराबाय चिंबोरीच्या नांग्या बांधत होती. "पाहुना उंबऱ्यात यायच्या आधी भात वाढतेस व्हय? आल्याची चाहूल घे, मंग वाढ."

स्नेहल उडालीच. तिनं पानाला शिकवलं: फाईल आल्याची वर्दी मिळू दे, मगच विचार. आणि नाहीच आली, तर तसं सांग, गप्प बसू नको.

रविवार. सोसायटीच्या गेटवर ही गर्दी. देवजी न्हावी वस्तरा परजून तयार. मधुकररावांनी स्वतःच्या फोनवर बटण दाबलं आणि दहापर्यंत मोजायला लागले. "एक... दोन..."

मी निघाले. नेट गोगलगायीचं. मला घाई करता येत नाही, पण मजा घेता येते.

"सात... आठ..." शेठनी मिशीवरून शेवटचा हात फिरवला.

"नऊ—"

पोचले. वर्दी दिली. पानानं विचारलं, मी सांगितलं. मधुकररावांच्या हातात निळी खाडी हलली आणि खाली अक्षरं उमटली: आज अष्टमी. भरती सहाला. तेव्हा मी घरी. – गोजरा.

मित्रांनो, कुणाला हाक मारलीत तर तो येईपर्यंत जरा थांबा. निम्मी कामं बिघडत नसतात, वाटेत असतात.

असो. गोजराबायनं चुंबळ केली, पाटी मधुकररावांच्या डोक्यावर चढवली. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"सुकट..." आवाज मांजराचा.

"रुमाल काढा, सेक्रेटरी!" शेठ मिशी पिळत मागून. "आवाज सातव्या मजल्यावं जाया हवा!"

मधुकररावांनी डोळे मिटले. "सुकट घ्याऽऽ, बोंबील घ्याऽऽ!"

पटापट खिडक्या उघडल्या. वरून एक बाई ओरडली, "ओ मावशी, इकडं या!"

आणि मधुकरराव पाटी सांभाळत गेले हो, लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं.