मासोळ्यांचा पिंजरा

"धर म्हटलं की धरायचं! तोंड चालवायला नाही बोलावलं तुला!"

सकाळी सकाळी सुताराचा आवाज तळ्यावरून आला आणि माझ्या हातातली पळी जागीच थांबली. माझ्या खानावळीचं मागचं दार तळ्यावर उघडतं. भांडी घासायची मोरीही तिकडेच आहे. त्यामुळे तळ्यात खुट्ट झालं तरी मला कळतं, मुद्दाम कान लावून बसावं लागत नाही. तरी मी कान लावतेच, ती गोष्ट वेगळी.

दारातून पाहिलं तर दोघं गुडघाभर पाण्यात उभे. एका टोकाला सुतार, दुसऱ्या टोकाला त्याचा मेव्हणा, आणि मधे जुनी मच्छरदाणी पाण्यावर फुगून आलेली, रिकामी. मेव्हण्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. साधा रेडिओ बंद तरी करता येतो.

सुताराचं सुतारकाम डोळ्यांत पडदा आल्यापासून सुटलं होतं. आता तो गळ टाकून मरळ धरायचा आणि मला आणून द्यायचा. मरळ मोठी मिजासखोर. मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. तिला वळवळणारी जिवंत मासोळीच लागते. या मासोळ्या काठच्या उथळ पाण्यात असतात आणि त्या धरणं हे दोन माणसांचं काम. मच्छरदाणीचं एकेक टोक धरून लांबून चालत यायचं, काठाशी टोकं जुळवायची आणि एकदम उचलायचं. एकानं हात ढिला सोडला की सगळं पाण्यात. पूर्वी दुसरं टोक सुताराची बायको धरायची. ती गेली, तेव्हापासून तिचा हा धाकटा भाऊ धरत होता.

आणि आज त्यानं ऐन उचलायच्या वेळी, कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट सांगताना, म्हैस केवढी होती ते दाखवायला दोन्ही हात वर केले होते.

"दाजी, एवढं काय झालं? मासोळ्या कुठं परदेशात गेल्या का? पुन्हा ओढू," रेडिओ म्हणाला.

"हात कशाला दिलेत तुला? धरायला की हवेत फिरवायला?"

"चुकलं म्हणतोय ना! ताई असती तर हसली असती यावर."

सुतार मच्छरदाणी गोळा करू लागला. मला वाटलं, निवळलं. पण तो खाली मान घालूनच म्हणाला, "ताई नाही ना आता. मग तू तरी कशाला येतोस? उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

रेडिओनं उत्तर दिलं नाही. मी त्याला इतक्या वर्षांत उत्तर न देताना पहिल्यांदा पाहिलं. काठावरच्या चपला हातात घेऊन तो तसाच अनवाणी गेला.

दुसऱ्या दिवशी सुतारानं मच्छरदाणीचं एक टोक खुंटीला बांधलं आणि दुसरं धरून एकटाच गोल फिरला. मूठभरसुद्धा मासोळ्या मिळाल्या नाहीत. मग त्याच्या डोक्यात पिंजरा आला. रोज थोड्या थोड्या धरायच्या, पाण्यातल्या पिंजऱ्यात जिवंत साठवायच्या आणि लागतील तशा काढायच्या. म्हणजे कुणाचे पाय धरायला नकोत.

त्याच्या घरात दोन खाटा होत्या. एकीची गरज उरली नव्हती. ती त्यानं अंगणात आणून मोडली.

मी तेव्हा कालवणासाठी चार मासे मिळतील का विचारायला गेले होते. मोडलेली खाट कुणाची ते मला कळलं, पण बोलले वेगळंच.

"अहो सुतारभाऊ, चांगलं लाकूड आहे. पाण्यात घालून कुजवणार?"

"सागवान आहे बाई. हे आपल्या दोघांनाही पुरून उरेल."

मग तो कामात बुडाला. डोळे अधू झाले होते, पण हातांना डोळे असावेत तसा तो बोटांनी चाचपून रंधा मारायचा. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तासून त्यात ठोकून बसवायचं. खिळा एकही नाही. चौकटीला चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी ठोकली. वर झाकण, त्याला जुन्या चपलेच्या रबराची बिजागरी. दोन्ही बाजूंना रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधले, म्हणजे पिंजरा तरंगेल आणि वरचा भाग पाण्याबाहेर राहील. नाहीतर हात घालायला बुडी मारावी लागली असती.

एवढं सगळं शहाण्यासारखं करून त्यानं शेवटी सुताराला शोभेल अशी माती खाल्ली. उघडं लाकूड हातातून जाऊ द्यायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. त्यानं पिंजऱ्याला व्हार्निश मारलं! लग्नातलं कपाट चमकावं तसा पिंजरा चमकायला लागला. सोडला तळ्यात, टाकल्या मासोळ्या. सकाळी बघतो तर सगळ्या पोट वर करून तरंगत होत्या आणि पाण्यावर तेलकट रंग पसरला होता.

मी दारातूनच हसले. "भाऊ, मासोळ्यांना नवं घर मानवलं नाही वाटतं!"

तो हसला नाही. रेडिओ असता तर या व्हार्निशवर त्यानं आठवडा काढला असता. सुतारानं शिव्या घातल्या असत्या, मग दोघं काठावर बसून विडी ओढताना हसले असते. मी एकटीनं केलेला विनोद पाण्यावरच्या तवंगासारखा नुसता पडून राहिला.

सुतारानं पिंजरा बाहेर काढला आणि सगळं व्हार्निश घासून घासून उतरवलं. लाकूड पुन्हा उघडं पडलं. मग उन्हात तापवलं, पाण्यात भिजत ठेवलं, पुन्हा तापवलं. या खेपेला मासोळ्या जगल्या.

आता सुतार जिंकला होता. पिंजरा हळूहळू भरत गेला. सकाळी झाकण उघडलं की आत चांदीचा चुरा हलल्यासारखं दिसायचं. तो पिठाच्या गोळ्या टाकायचा आणि बघत बसायचा. तळ्यावर भांडण नाही, आरडाओरडा नाही. माझ्या स्वयंपाकघरात नुसता स्टोव्हचा आवाज. इतकी वर्षं त्या दोघांच्या कलकलाटानं माझं डोकं उठायचं, आणि आता तो नाही म्हणून मला भाजी चिरवेना. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना म्हणतात, ते तिसऱ्या माणसालाही लागू पडतं हे मला तेव्हा कळलं.

एकदा मोरीवर भांडी घासताना मला बोलणं ऐकू आलं. मनात म्हटलं, आला वाटतं रेडिओ. उठून पाहिलं तर सुतार एकटाच पिंजऱ्याशी वाकला होता.

"एवढी का हावरी गं तू? त्या बारकीला खाऊ दे की जरा. आणि तू, कोपऱ्यातली, तुला काय झालं? बोलत नाहीस ती?"

मी पाऊल न वाजवता आत आले. असलं काही बघितलं की बघितल्याचं दाखवू नये.

मग मरळी येणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाला, "आज गळ नाही टाकला." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"पिंजऱ्यात मासोळ्या मावत नाहीत आणि गळ का कोरडा? गिऱ्हाइकांना काय तळ्यातलं शेवाळ वाढू?"

"त्यातली कुठली काढू?" तो म्हणाला. "ओळखीच्या झाल्यात सगळ्या."

मी ताट वाढलं. त्याला जेवायला बसवलं. खानावळ चालवणाऱ्या बाईला एकटं माणूस लांबून ओळखू येतं. ते भिंतीकडे तोंड करून बसतं, पटापट जेवतं, आणि पाणी हवं असलं तरी मागत नाही. सुतार तसाच जेवत होता. नवरा गेल्यावर मीही वर्षभर तशीच जेवत होते, चुलीकडे तोंड करून.

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळला. "बोलवा की त्याला."

"कशाला? पिंजरा आहे ना."

"पिंजरा तुमच्याशी भांडतो का?"

"मी त्याला सांगितलंय, माझं अडत नाही म्हणून. आता कुठल्या तोंडानं जाऊ? काय अडलं म्हणून सांगू?"

"खरं ते सांगा. करमत नाही म्हणावं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितले होते. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असली ही जात. ताटात हात धुऊन तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मागचं दार उघडलं. सुतार पाण्यात उभा होता. त्यानं पिंजऱ्याची दोरी सोडली, झाकण उघडलं आणि पिंजरा आडवा केला. मासोळ्या लगेच बाहेर पडेनात, सवयीच्या झाल्या होत्या. मग त्यानं तळाला हळूहळू थोपटलं. क्षणभर पाणी चमचमलं आणि काही उरलं नाही. तो मात्र रिकामा पिंजरा धरून बराच वेळ तसाच उभा होता. मी दार लोटून घेतलं.

ऊन चढल्यावर मी मुद्दामच माझी हातगाडी हवा भरायला रेडिओच्या दुकानात नेली. रेडिओ खाली मान घालून ट्यूब घासत होता. घरात सुना-नातवंडांचा गोंगाट, पण त्याचं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तो दिवसभर दुकानातच. तिथेही हल्ली फक्त पंपाचाच आवाज.

तेवढ्यात सुतार आला. उंबऱ्याबाहेर थांबला. मला बघून जरा कचरला, पण आता मागे कसा फिरणार?

"पिंजरा सुटला," तो म्हणाला.

रेडिओनं मान वर केली. "काय सुटलं?"

"पिंजरा. खालचा सांधा निखळला. सगळ्या मासोळ्या गेल्या."

"सांधा? तुमचा, दाजी?"

हा तोच सुतार होता, ज्यानं स्टूल डुगडुगतं एवढंच बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा दारात उभं केलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला. "हो. माझा."

रेडिओ उठला. हात पुसले, पंप माझ्या गाडीवरच ठेवला, दुकान उघडंच टाकलं आणि निघाला. हवा न भरलेली गाडी ढकलत मीही मागोमाग.

काठावर पिंजरा उन्हात पडला होता. रेडिओ उकिडवा बसला. त्यानं पिंजरा उलटा केला, चारही कोपरे पाहिले, एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. पिंजरा दगडासारखा घट्ट होता. केसभर फट नव्हती कुठे. सुतार पलीकडच्या काठाकडे बघत होता, जणू तिकडं काही फार महत्त्वाचं चाललं होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात, पण तेव्हा मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले.

रेडिओनं पिंजरा खाली ठेवला. मग त्यानं नाक ओढलं.

"सुटलाय खरा," तो म्हणाला. "पार खिळखिळा झालाय. वय झालं तुमचं, दाजी."

"झालं खरं," सुतार म्हणाला.

"एकट्याचं काम नाही हे. मी सकाळी येत जाईन. नीट करायला वेळ लागेल."

"लागू दे की."

त्यानंतर तो धडधाकट पिंजरा ते दोघं मिळून सबंध उन्हाळाभर दुरुस्त करत होते.