खड्ड्यापलीकडचं बाळ

इस्पितळाच्या जुन्या इमारतीत बाळंतिणी होत्या आणि नव्या इमारतीत त्यांची अशक्त बाळं. मध्ये पूर्वी एक छपराचा व्हरांडा होता. बाळंतीण खाटेवरून उठली की भिंत धरधरून लेकराकडे जायची. तो व्हरांडा पाडला. आता तिथं एक मजला गडप होईल एवढा खड्डा होता, खड्ड्याभोवती निळे पत्रे होते, आणि पत्र्यांवर होऊ घातलेल्या इमारतीचं चित्र होतं. चित्रातली माणसं झाडाखाली बसून हसत होती. चित्रातल्या माणसांचं बरं असतं, त्यांना चालावं लागत नाही. खऱ्या माणसांना पुढच्या फाटकातून बाहेर पडून, रस्त्यानं सगळ्या आवाराला वळसा घालून मागच्या फाटकानं आत यावं लागे.

आजी हा वळसा दिवसभर घालायच्या. सुनेचं दूध छोट्या बाटलीत काढायचं, बाटलीला ओला रुमाल गुंडाळायचा, छातीशी धरून निघायचं. तिकडची सिस्टर ते थेंबाथेंबानं नळीतून बाळाला द्यायची. फाटकावरच्या वॉचमननं त्यांचं बारसंच करून टाकलं होतं.

"आल्या आमच्या दूधवाल्या आजी. आज पाणी किती घातलंय?"

"तुझ्या डोक्यात आहे तेवढं," आजी न थांबता म्हणायच्या.

लग्नानंतर कैक वर्षांनी झालेलं हे नातवंड, आणि तेही दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेलं. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. निरोप मिळताच तो परत फिरला होता, पण ट्रक म्हणजे काही वारा नव्हे. त्यामुळे इकडे सून, तिकडे बाळ आणि मधल्या मध्ये आजी.

त्या दिवशी दुपारी आजी दूध घेऊन पोहोचल्या, तर सिस्टरनं बाटली घेतली आणि नुसती बाजूला ठेवून दिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोरसवदाच होत्या, पण चेहरा थकलेला.

"आजी, आईला घेऊन या. आता."

"ऊन उतरल्यावर आणते की. संध्याकाळी."

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बाकावर टेकल्या. "संध्याकाळचं मी सांगू शकत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही सगळं केलं. आता आईच्या हातात असू दे त्याला."

आजींच्या पायांखालची जमीन सरकली म्हणावं, तर ती नुसती सरकली नाही, आ वासून उभी राहिली. कारण हे बोलावणं काही आजचं नव्हतं. पहिल्याच दिवशी याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आईला बसता आलं की आणा. आईचा हात लागला, आवाज कानावर पडला, की अशी बाळं तग धरतात." आजींनी मान डोलावली, वळसा घालून परत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अजून परवानगी नाही गं. बांधकामाची धूळ आहे ना एवढी, आईच्या कपड्यांवरून आत जाते म्हणतात." खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी पांढरं व्हायचं, मग सुनेनं शंका घ्यावी कशाला? आणि तिकडे सिस्टर विचारायची, "आई का येत नाही?" तर आजी सांगायच्या, "टाके ओले आहेत. उभी राहिली की भोवळ येते." खड्डा एक, काठ दोन, आणि दोन्ही काठांवर एकेक खोटं.

यात कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं, कपटी माणूस निदान स्वतःला फसवत नाही. आजींचं पहिलं मूल असंच आलं होतं, अपुऱ्या दिवसांचं. त्या काळी कुठल्या नळ्या आणि कुठली काचेची पेटी, कापसात गुंडाळून ठेवलेलं. त्याचा तो निळा पडलेला चेहरा त्यांनी पाहिला, आणि त्या धसक्यानं पान्हा आटला. मूल गेलं. तेव्हापासून मनात पक्की गाठ बसली होती: आईनं पाहिलं की दूध जातं, आणि दूध गेलं की मूल जातं. इथले डॉक्टरही म्हणत होते, दूध हेच औषध. मग औषधाची बाटली आपल्या हातानं कोण फोडेल?

देवाला मात्र त्या रोज खरं सांगत. बाळाच्या काचेच्या पेटीपाशी उभ्या राहून मनात म्हणत, बाबा रे, तुझ्यापासून काय लपलंय? तिला फसवते आहे, त्याचं पाप माझ्या माथी घाल, पण एवढी पणती विझू देऊ नकोस. देव ऐकत होता की नाही, देव जाणे. पण माणसाची गंमत अशी, की देवाला सांगितलं म्हणजे माणसाला सांगितल्यासारखंच आहे असं त्याला वाटू लागतं.

आजी निघाल्या. पळता येत नव्हतं, पण चालणं पळण्यासारखं झालं होतं. आज खड्ड्यात तळाचं काँक्रीट पडत होतं. पोटं गरगर फिरवत उभ्या असलेल्या मिक्सर गाड्यांची रांग मागच्या फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत लागली होती, आणि त्या रांगेत, दाढेत अडकलेल्या सुपारीसारखी, इस्पितळाची रुग्णवाहिका. ड्रायव्हर खाली उतरून चाकाला टेकला होता.

"बाबा, माझ्या सुनेला न्यायचंय पलीकडे. लगेच."

"आजी, हिला पंख असते तर मी इथं धूळ खात बसलो असतो का? पुढंही गाडी, मागंही गाडी. तासभर तरी नाही."

जुन्या इमारतीचा जिना चढताना आजींच्या मनात एकच: तिला काय सांगू? सून खाटेवर उशीला टेकून बसली होती, पुढची बाटली भरून तयार.

"एवढ्यात आलात? घेतलं का त्यानं दूध?"

"ऊठ. आपल्याला जायचंय त्याच्याकडे."

सुनेचा चेहरा उजळला. "परवानगी मिळाली?"

जिभेवर 'हो' तयार होतं. इतक्या दिवसांची सवय, एक शब्द सहज खपला असता. पण तो उजळलेला चेहरा आजींना बघवेना.

"परवानगी पहिल्या दिवसापासून होती," त्या म्हणाल्या. "मी तुला सांगितलं नाही. तू त्याला तसं बघितलंस तर दूध आटेल, असं वाटलं मला. त्याचं काही खरं नाही, पोरी. डॉक्टर म्हणतात, आता आणा."

खाली मिक्सरची घरघर चालू होती. सून आजींकडे बघत राहिली. काय काय होतं त्या नजरेत, त्याला शब्द नाहीत, आणि असलेच तर ते सासूनं ऐकण्यासारखे नव्हते. ती शिव्या देती, रडती, तर आजींना हलकं वाटलं असतं.

"चप्पल द्या," सून म्हणाली.

वॉर्डबॉयनं तिला व्हीलचेअरमध्ये बसवून खाली आणलं. रस्त्यानं न्यायचं म्हटलं तर गाड्या थेट भिंतीला लागून उभ्या, खुर्ची शिरायलाही फट नाही. आजींनी खुर्ची सरळ निळ्या पत्र्यांतल्या दाराकडे वळवायला लावली. तिथं आज फाटकावरचाच तो वॉचमन उभा होता.

"इथून नाही, आजी. वरून माल जातोय, काही पडलं तर? माझी नोकरी जाईल."

आजी हात जोडायला पुढे झाल्या, तेवढ्यात सून बोलली. आवाज अगदी साधा, वेळ विचारावी तसा.

"दादा, माझं बाळ पलीकडे आहे. मी त्याला अजून बघितलं नाही. आज नाही बघितलं तर पुन्हा दिसणार नाही."

वॉचमननं एकदा मागं पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून सुनेच्या डोक्यावर ठेवलं. "हे घाला. नियम आहे," तो म्हणाला, आणि दार उघडलं.

आतला मुकादम हातवारे करत ओरडत आला. त्याला सगळं सांगेपर्यंत पंपाच्या लांब सोंडेतून काँक्रीट भसाभसा पडतच होतं.

"बाई, काम नाही थांबवता येत," तो म्हणाला. "ओतायला घेतलं की घेतलं. मध्ये थांबलं तर तिथं सांधा राहतो, आणि जन्मभर पाणी तिथूनच शिरतं."

"नका थांबवू," आजी म्हणाल्या. "आम्हाला बाजूनं जाऊ द्या."

मुकादमानं खड्ड्याकडे पाहिलं. पलीकडच्या अंगाला अजून नुसती सळयांची जाळी होती, तीवर चालायला फळ्या टाकलेल्या. "फळीवरून चाक जाणार नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग गडी बोलावले, त्यांच्या जेवायच्या जागेवरची प्लास्टिकची खुर्ची आणवली. "ही गाडी रिकामी झाली की दुसरी लागेपर्यंत सोंड वर धरतो. तेवढ्यात पार व्हायचं. रेंगाळायचं नाही."

गड्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं आणि उचललं. मातीच्या उतारावर खुर्ची पुढं कलली तशी तिनं ओठ दातांत धरला, पोटावर दोन्ही हात दाबले. टाक्यांवर पाऊल पडल्यासारखं होत असणार. फळ्या लचकत होत्या. पुढचा गडी प्रत्येक पावलाला म्हणायचा, "आलं ताई, आलं," आणि येत काही नव्हतं, पुढं आणखी फळी होती.

मागून येणाऱ्या आजींचा पाय फळीवरून घसरला आणि दोन सळयांच्या मध्ये गेला. घोटा सोलवटला. पाय निघेना. पलीकडे दुसरी मिक्सर पंपाला लागत होती.

"मला राहू द्या," आजी म्हणाल्या. "तुम्ही पुढं चला. न्या तिला."

सुनेनं मान वळवली नाही. "आईंना घ्या," ती गड्यांना म्हणाली. "आत कुठं जायचं, त्यांनाच माहीत आहे."

हे क्षमा करणं नव्हतं. आजींनाही ते कळलं. एका गड्यानं खाली बसून त्यांचा पाय सोडवला, दंडाला धरून त्यांना चालवलं. सगळे पलीकडच्या कच्च्या पायऱ्या चढून वर आले, आणि मागं सोंड खाली आली.

काचेच्या खोलीच्या दाराशी सिस्टरनं सुनेचं हेल्मेट उतरवलं, हात धुवायला लावले, खुर्चीत मागं रेलून बसवलं. बाळाच्या बऱ्याच नळ्या काढलेल्या होत्या. तळहाताएवढं ते लेकरू सिस्टरनं अलगद तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दुपटं पांघरलं.

सून त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं दुपट्याची कड ओली दिसू लागली. दूध वाहत होतं, कुणी न मागता, थांबता थांबत नव्हतं. आजींनी ते पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. ज्या भीतीपायी त्यांनी या दोघांना इतके दिवस वेगळं ठेवलं, ती भीती खोटी होती. निदान या पोरीच्या बाबतीत तरी खोटी होती. आता हे समजून उपयोग कुणाला?

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी बाहेर थांबते."

"बसा इथं."

आजी स्टुलावर टेकल्या.

"तुम्ही त्याला रोज बघत होतात," सून बाळावरची नजर न काढता म्हणाली. "मला सांगा. पहिल्या दिवसापासून. खरं तेवढंच."

"पहिल्या दिवशी," आजींनी सुरुवात केली, "मी त्याला ओळखलंच नाही. दुसऱ्याच पेटीपाशी जाऊन उभी राहिले. सिस्टर म्हणाली, आजी, ते तुमचं नाही, तुमचं हे. कानांवर लव आहे बघ त्याच्या. दोन्ही कानांवर."

सुनेनं बोटानं कानाची लव पाहिली.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्याला उचकी लागली. एवढुसा जीव, पण उचकी अशी, की सगळं अंग उडायचं. सिस्टर हसली. मीही हसले." आजी थांबल्या. "त्या दिवशी त्यानं माझं बोट धरलं. तुला नाही सांगितलं ते. तुझ्याआधी माझं धरलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

सुनेनं आपलं बोट त्याच्या मुठीत सरकवलं. मूठ वळली नाही, पण तिनं बोट तिथंच राहू दिलं. डॉक्टरीणबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. खालून काँक्रीट पडल्याचा आवाज काचेतून मंद येत होता.

आजी सांगत राहिल्या. तो कसा डाव्या कुशीवर झोपायचा, दुधाचा थेंब नळीतून गेला की ओठ कसे हलायचे, दिवा मोठा केला की कपाळाला कशी आठी पडायची. शोधून शोधून सांगत होत्या, आणि एकही गोष्ट वाढवून सांगत नव्हत्या. बाळाच्या ठोक्यांच्या यंत्रावरचे आकडे उतरत होते. सिस्टरनं पुढं होऊन यंत्राचा आवाज बंद केला, बाळाच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, मग डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

आजींचं बोलणं तुटलं.

सुनेनं दुपटं बाळाच्या मानेपर्यंत ओढून नीट खोचलं. डोळे मिटले.

"पुढे?" ती म्हणाली.