दूध उतू चाललेलं गाणं

उदगीरच्या मंजुश्रीने आपली पहिली गाणी स्वतः रचली आणि स्वयंपाकघरातच मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकली. सगळी विरहाची. त्यातल्या सर्वांत करुण गाण्यात, नेमका गळा भरून येतो त्या जागी, मागून तिच्या आईची, रत्नम्माची, हाक ऐकू येते, "मंजे, दूध उतू चाललंय!" लोकांना गाणं आवडलं. दूध जास्त आवडलं.

आषाढात रत्नम्मा गेली. मंजुश्रीने श्रोत्यांना काही कळवलं नाही. पुढे लातूरच्या स्टुडिओत तेच गाणं पुन्हा झालं, बासरीसकट. "बासरी काढा, बाई घाला," एकाने खाली लिहिलं. त्याला शेकडो लोकांनी दुजोरा दिला.

मुखेडच्या कार्यक्रमात, मध्यंतरात, तुळजाबाई नावाच्या एक आजी मंचापाशी आल्या.

"लई ग्वाड गातीस, लेकी. पन ती दुधासाठी वरडनारी बाई कोन गं?"

"माझी आई, आजी."

"मग तिला घरी कशाला ठिवलीस? निम्मी मानसं तिच्यासाठीच आलीत. म्होरल्या बारीला घेऊन ये."

"हाव," मंजुश्री म्हणाली, "आणते."

पुढचं गाणं तिने फारच वरच्या पट्टीत धरलं. आवाज फाटला. लोकांना वाटलं, चालच तशी असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.