पांढऱ्या मिरीचा वास

मसाल्याच्या कारखान्यात तिला सगळे नाकाबाई म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. उलट जरा मिरवायचीच ती. बरणीचं झाकण नुसतं किलकिलं केलं की मिरी ताजी की गेल्या हंगामाची, पोत्यात दमट झाली की नाही, सगळं सांगून मोकळी. घरीही तेच. सासूबाईंच्या भाजीला तिनं रोज काही ना काही नावं ठेवली नाहीत, तर दोघींनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि अशा बाईचं नाकच गेलं! साधा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. साबण काय, उतू गेलेलं दूध काय, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. मालकीणबाई स्वभावानं भल्या, पण त्यांना स्वतःला बारमाही सर्दी, त्यामुळे सगळी भिस्त नाकाबाईवर. "नव्या मालाचे नमुने येईपर्यंत थांबते मी," त्या म्हणाल्या. "तोवर नाही जमलं तर तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल. माझाही नाइलाज आहे." पॅकिंगमध्ये वाईट काही नव्हतं हो. पण नमुने तपासायच्या टेबलामागची ती खुर्ची म्हणजे तिचा जीव की प्राण होती.

मग घरात शिकवणी सुरू झाली. सासूबाई रोज सकाळी वाट्या मांडायच्या आणि टॉवेलनं तिचे डोळे बांधायच्या. "हं, ओळख!" नाकाबाई हुंगायची, काही म्हणून काही नाही. मग चिमूटभर पूड जिभेवर. गंमत अशी की जीभ शाबूत होती. काळी मिरी जिभेच्या शेंड्यालाच चावायची, तिला धीरच नाही. हिरवी नुसता चिमटा काढून जायची. पांढरी आधी गरीब गाय, आणि मग मागं घशात जाऊन पेटायची. पिंपळी तर पक्की लबाड! सुरुवातीला गोड गोड, आणि आपण तिला विसरलो की मग जाळ.

"सगळ्या बरोबर ओळखल्यास की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हा नुसता तिखटपणा झाला. स्वाद कुठाय? शेजारी कुणीतरी भांडतंय एवढं कळतं, काय बोलतायत ते नाही."

"येईल गं. आणि लवकर येऊ दे बाई. तू अशी मुकाट्यानं जेवतेस ना, मला घास उतरत नाही."

नमुने आले ते पांढऱ्या मिरीचे. तीन वाट्यांत नुकतीच कुटलेली पूड, चूळ भरायला कोमट पाणी, आणि समोर नाकाला रुमाल लावून मालकीणबाई. नाकाबाईनं पहिली चाखली, अगदीच मिळमिळीत. तिसरी बरी होती. दुसरी मात्र खणखणीत, घशात गेली ती कानापर्यंत झणझणली. तिनं ती वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. शून्य.

'दुसरी घ्या' एवढंच तर म्हणायचं होतं. कुणाला कळणार होतं? खुर्ची वाचली असती. शब्द अगदी ओठांवर आले.

"तिखटपणात दुसरी सरस," ती म्हणाली, आणि पुढे तिला रेटवेना. "पण वासाचं मला विचारू नका, मालकीणबाई. मला अजून कसलाच येत नाही."

मालकीणबाईंनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. "खरं बोललात, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून पॅकिंगला या मग."

तिनं मान हलवली. उठून दाराकडे वळली. पण आपल्या टेबलावरच्या वाट्या आपणच धुवायच्या ही तिची पहिल्यापासूनची पद्धत. आता जाता जाता ती कशाला मोडायची? तिनं कोपऱ्यात उकळत असलेल्या किटलीतलं कढत पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं. वाफ भसकन तोंडावर आली आणि ती जागच्या जागी थबकली.

शी! काय ती घाण! चार दिवस न झाडलेला गोठाच जणू. पांढऱ्या मिरीसाठी पिकलेले दाणे पाण्यात भिजत घालून त्यांची सालं काढतात. ते पाणी कुणी आळशानं बदललं नाही की हा वास दाण्यात मुरतो. असला माल तिनं आयुष्यभर नाक मुरडून परत पाठवला होता. आज मात्र ती वाटीवर वाकून तोच वास पुन्हा पुन्हा आत ओढत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मालकीणबाई! गोठा! गोठा आला!"

"अहो, इथं कुठला गोठा?" म्हणत त्या उठून आल्या. तिनं वाफाळती वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. वाफेनं त्यांची सर्दीसुद्धा हटली असावी, कारण त्या तोंड वाकडं करून मागं सरकल्या. "अगं आई गं! आणि हा माल मी घेऊन बसले असते!"

नाकाबाईनं लगेच बाकीच्या वाट्या हुंगून पाहिल्या. त्यांच्या वासाचा काही पत्ता नव्हता.

"एक आला ना? मग बाकीचे येतील मागून," मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारी इथंच या. पॅकिंगबिकिंग काही नाही."

घरी तिनं दारातच सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी डोळे पुसले, आत गेल्या आणि भाजीचं पातेलं उचलून थेट तिच्या नाकाशी आणलं. "आता हिचं सांग."

तिनं खूप वेळ हुंगलं. "हिचा नाही आला हो, आई."

"नसू दे," सासूबाई ताटं घेत म्हणाल्या. "जरा करपलीय ती. तुला कळेपर्यंत रोज करपवीन मी."