पंख्याचा आवाज

मुलीने लॅपटॉप पालथा घातला आणि अकरा स्क्रू एकामागून एक काढून बशीत ठेवले. बारावा झिजला होता. त्यावर तिने रबरबँडचा तुकडा धरला, वरून स्क्रूड्रायव्हर दाबला, तेव्हा तो निमूटपणे निघाला. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते, ऑपरेशन चालू असताना नातेवाईक दाराबाहेर उभे असतात तसे.

"दुखणार नाही ना त्याला?"

"बाबा, बसा तुम्ही."

"तसं नाही, इंजिनियरसाहेब. म्हातारा आहे तो. जरा सांभाळून."

ती एका विमा कंपनीत कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप दुरुस्त करायची. दिवसभर माणसं फोनवर रडगाणी गायची आणि ती त्यांना 'बंद करून पुन्हा चालू करा' म्हणायची. निम्मी दुखणी तेवढ्यावर बरी होत. आणि इथे, तिच्या स्वतःच्या वडिलांच्या घरात, हे यंत्र सुरू व्हायलाच चौदा मिनिटं घेत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आल्यापासून तीन दिवस ती पाहत होती. सकाळी अकरा वाजले की बाबा बटण दाबत आणि हात मांडीवर ठेवून बसून राहत. एक फाइल उघडायला वर आणखी चार मिनिटं. बाबा कंटाळत नसत. आईला जाऊन आठ महिने झाले होते, आणि घाई करावी असं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. तिलाच ते बघवत नव्हतं.

शिवाय खोलीचं दार लावलेलं आणि पंखा बंद. काल तिने दार उघडलं तर बाबा घामाने निथळत होते. तिची चाहूल लागताच त्यांनी आवाज बंद केला.

"वीज वाचवून काय बंगला बांधायचाय का?" तिने विचारलं होतं. ते नुसते हसले होते.

लॅपटॉप आईचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सहा वर्षं. बाबा तिचे मदतनीस. खिडकी लावायची, फोन बाहेर नेऊन ठेवायचा, शिंक आली तर गिळायची. 'लग्नापासून हिने मला बोलू दिलं नाही, आता शिंकूही देत नाही,' असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि आई डोळे वटारायची.

"जुनी डिस्क काढून नवी घालते," मुलगी म्हणाली. "पळायला लागेल नुसता."

"आणि आतलं सगळं?"

"लागतं ते नवीवर घेते. बाकीचा कचरा जाऊ दे. त्यानेच तर तो असा गळपटलाय."

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली, परत धरली.

"आईचं काही घालवू नकोस."

"काय बाबा! आईचं मी कसं घालवेन?"

"नाही, तू नाही घालवणार. तुला कळतं त्यातलं," ते म्हणाले, आणि पायांत चपला सरकवून फिरायला गेले. आणखी एक वाक्य त्यांना बोलायचं होतं, पण पोटच्या मुलीपुढेही माणसाला काही गोष्टींची लाज वाटते.

आईने सगळं नीट लावून ठेवलं होतं. 'पक्के' नावाच्या फोल्डरमध्ये अंधशाळेला पाठवलेले धडे होते, क्रमाने. त्याच्याखाली दुसरं फोल्डर, चौपट मोठं. त्याला तिने नाव दिलं होतं 'टाकाऊ'. त्यात तेच धडे होते, काटछाट करण्याआधीचे. मुलीने सगळ्यात वरची फाइल लावली.

"नदीच्या मुखाशी गाळ साचून, त्रिकोणी... त्रिकोणी आकाराचा... हं, पुन्हा," आई म्हणाली आणि खोकू लागली. शेवटच्या वर्षातला तो खोकला. शेजारच्या खोलीत उशीत डोकं खुपसून मुलीने तो ऐकला होता. मग आई धापा टाकत म्हणाली, "अहो, पंखा बंद करा ना. आवाज येतोय त्याचा." खुर्ची सरकली. बटणाचा टक् आवाज झाला. परत खोकला.

मुलीने फाइल बंद केली. चाळीस सेकंद झाले होते. त्यापुढे ऐकण्याची तिची छाती झाली नाही.

खरं सांगायचं तर नव्या डिस्कवर जागा होती. पण तो खोकला तिला या घरात नको होता. बाबा एखाद्या दिवशी चुकून ते उघडतील, एकटेच असतील, जवळ कुणी नसेल. 'पक्के'मध्ये आई एकदाही खोकत नव्हती. तिथे ती धडधाकट होती. बाबांपाशी तीच राहावी. शिवाय टाकाऊ हे नाव काही मुलीने दिलं नव्हतं. फाइल शेवटची कधी उघडली होती ते तिथेच पाहता येतं. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप असता तर तिने ते आधी पाहिलं असतं.

तिने 'पक्के' घेतलं, फोटो घेतले, पत्रं घेतली. मग कामावरच्या शिस्तीप्रमाणे जुनी डिस्क पुसायला लावली. तीन वेळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे कुणालाही त्यातून काही परत काढता येणार नाही. सगळी दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं आणि सवयीने हात मांडीवर ठेवले. ते ठेवतात न ठेवतात तोच पडदा उजळला.

"अरे! उठलासुद्धा?"

"नऊ सेकंद," ती म्हणाली. तिला फार आनंद झाला होता.

बाबांनी 'पक्के'वर बाण नेला. तिथून खाली, रिकाम्या जागेवर. तो तिथेच थोडा वेळ फिरत राहिला.

"इथे दुसरं एक होतं."

"ते टाकाऊ? ते कच्चं होतं, बाबा. नुसता खोकला भरलेला त्यात. एकही धडा गेलेला नाही, मी मोजून घेतलेत."

"हो, हो. बरोबर."

"तुम्ही ऐकत होता का ते?"

"छे गं. सहज विचारलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ती जुनी डिस्क आहे ना अजून?"

"आहे, पण कोरी. तीन वेळा पुसलीय."

"तीन वेळा," बाबा म्हणाले. मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "छान केलंस. चुटकीसरशी चालतोय की."

जेवताना त्यांनी तिचं दोनदा कौतुक केलं. रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी निघायचं होतं. अकराच्या सुमारास बॅग खांद्यावर घेऊन ती खोलीशी आली. आज दार उघडंच होतं. वर पंखा गरगरत होता, बाबा पाठमोरे बसले होते आणि आई वाचत होती, स्वच्छ, ठणठणीत आवाजात.

"नदीच्या मुखाशी गाळ साचून त्रिकोणी आकाराचा प्रदेश तयार होतो. या प्रदेशातील जमीन सुपीक असते..."

बाबा उठले. खुर्ची मागे सरकवून ते भिंतीपाशी गेले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. तोवर आई दोन वाक्यं पुढे गेली होती. ती थांबली नव्हती.

मुलीच्या खांद्यावरची बॅग घसरून कोपरावर आली. काय करून बसलो आपण, हे तिला कळलं. ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. दोघं धडा ऐकत राहिली. बाबांच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरत होता.

"धडा समाप्त," आई म्हणाली, आणि खोली गप्प झाली.

बाबा मांडीवर हात ठेवून बसून होते.

"मला माहीत नव्हतं हो, बाबा."

"माहीत आहे मला."

"मी थोडंसंच ऐकलं होतं."

"असू दे. तुझी गाडी चुकेल."

ती उठली नाही. भिंतीवरच्या बटणाकडे बघत तिने विचारलं, "पंखा लावू?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग कधी लावायचा असतो?"

"ती सांगायची," बाबा म्हणाले.

त्यांनी धडा पुन्हा पहिल्यापासून लावला. क्षणाचाही वेळ न लागता आई बोलू लागली.