बेचाळीस वाव वाघर

“वाघर तेवढीच, मेंढवाडा गच्च, आन् लेंड्या बघाव्यात तर वंजळभर,” लालासाहेब स्वतःशीच पुटपुटत कालची जागा पायानं उकरत होते. तासगावजवळ त्यांच्या द्राक्षबागेला लागून असलेल्या मोकळ्या रानात दरवर्षी माणदेशातल्या मायाच्या घरचा कळप खतासाठी बसायचा. चुलीपाशी बसलेल्या मायाच्या कानावर ते शब्द पडले आणि भाकरीऐवजी तिचं बोटच तव्याला चिकटलं.

लेंड्या कमी का, हे तिला ठाऊक होतं. दिवाळीत तिचे सासरे हिंदुराव डोळ्याच्या ऑपरेशनला साताऱ्यात होते, तेव्हा नवऱ्यानं, बाळासोनं, निम्मी मेंढरं विकली. पोरगा इंद्रजित मुंबईला, राखायचं कुणी? पण हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणी? ऑपरेशन होऊनही त्यांना धुरकटच दिसायचं. रोज संध्याकाळी ते मेंढरांभोवतीच्या जाळीवरून, म्हणजे वाघरीवरून, हात फिरवत विचारायचे, “भरल्यात न्हवं?” आणि मेंढरं खरोखरच जाळीला घासून उभी असायची. “भरल्यात,” बाळासो म्हणायचा.

निम्म्या मेंढरांत मेंढवाडा भरतो कसा, हे कोडं मात्र मायालाही सुटलं नव्हतं.

“आबा, यंदा मेंढरं उपाशी हायत का काय?” लालासाहेबांनी म्हाताऱ्याला विचारलंच.

“आवं, वाघर बघा की. बेचाळीस वाव. माझ्या बापानं इणल्याली. कमी झाली का?”

“न्हाई.”

“मग जागा तेवढीच. मेंढरं तेवढीच.”

तेवढीच? मायाच्या डोक्यात काहीतरी लकाकलं. एक्केचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसणार होती, आणि परवाच मोबाईलवर तिनं धडा ऐकला होता: त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की क्षेत्रफळ निघतं, उंची मोजायलाच नको. आणि हा मेंढवाडा तर तीन कोपऱ्यांचाच. चौथ्या कोपऱ्यात लांडगा बसतो, असा मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, हट्ट.

पिठाच्या हातांनी ती उठली आणि पसरलेल्या दोन हातांचा एक वाव धरून जाळी मोजू लागली.

“जाळीला काय कवळा घालतीस?” बाळासो म्हणाला. “भाकरी करपली तिकडं.”

“करपू द्या. सात. पंधरा. आन् ही ईस.” तिला धाप लागली होती. “बेरीज बेचाळीस, तिची निम्मी एकवीस. एकविसातनं एकेक बाजू काढली की चौदा, सहा, एक. आता एकवीस आन् ही तिन्ही, सगळ्यांचा गुणाकार, आन् त्याचं वर्गमूळ.” मोबाईलला पीठ लागलं. “बेचाळीस चौरस वाव. मामा, तुमी कशी लावायचा?”

“तेरा, चौदा, पंधरा. बापापासनं.”

तिनं तेही मोबाईलवर मांडलं. एकवीस, आठ, सात, सहा. “चौऱ्याऐंशी.”

लालासाहेबांनी मोबाईल ओढून घेतला, स्वतः बटणं दाबली, पुन्हा दाबली. “आयला. जाळी तेवढीच आन् जागा दुप्पट?”

“दुप्पट. लांबट केली की प्वाट आत जातं बघा,” माया हसत सुटली. “जाळी तेवढीच ऱ्हाती, जागा निम्मी हुती. म्हंजे ह्यांनी यंदा निम्म्या...”

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. बाळासो खुंटीला दोरी गुंडाळत होता. ती आधीच गुंडाळलेली होती.

“पर मग निम्म्या जागेत समदी मेंढरं मावली कशी?” लालासाहेबांनी विचारलं, आणि पुन्हा कालच्या जागेवरच्या वंजळभर लेंड्यांकडं पाहिलं.

हिंदुराव उठले. जाळी चाचपत चाचपत चिंचोळ्या कोपऱ्यापाशी गेले. तिथं त्यांच्या दोन हातांना दोन्ही बाजू एकदमच लागल्या.

“पोरी, तुझं गणित बराबर हाय,” ते म्हणाले. मग मान न वळवता, “निम्मी इकलीस न्हवं, बाळासो.”